बंदी नको, निदान सांगा तरी!

मंडळी, आपल्याकडे पत्र्याचं घर म्हटलं की करड्या सिमेंटचा पत्रा हमखास आठवतो. त्यातल्या पुष्कळ पत्र्यांत क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस असतं. याच पांढऱ्या धाग्यावरून जिनिव्हात वर्षानुवर्षं जे रामायण चाललंय, ते सांगायचा आज मूड आहे.

१९९८ साली रॉटरडॅम करार झाला, २००४ मध्ये लागू झाला. करार कुठल्याच रसायनावर बंदी घालत नाही (हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल). यादीतलं रसायन दुसऱ्या देशाला पाठवायचं तर त्याचे धोके आधी कळवायचे आणि घेणाऱ्या देशाचा निर्णय पाळायचा, एवढंच. यादीत काय घ्यायचं ते आधी तज्ज्ञांची समिती तपासते. जगाच्या निदान दोन वेगळ्या भागांतल्या देशांनी त्यावर बंधनं घातलेली असावी लागतात. क्रायसोटाइलच्या बाबतीत युरोप, चिली आणि ऑस्ट्रेलिया पुढे आले. समितीने शिफारस केली. विज्ञानाचं काम इथे संपलं.

आता गंमत बघा. अ‍ॅस्बेस्टॉसचे बाकीचे पाचही प्रकार २००४ पर्यंत यादीत आले, कुणी फारसं हूं की चूं केलं नाही. कारण त्यांचा धंदा जवळपास संपलाच होता! ज्याचा व्यापार जोरात, तो प्रकार मात्र २००६ मध्ये अडला. यादीत घ्यायला सगळ्यांची सहमती लागते. आमच्या कोड रिव्ह्यूत कुणालाही कारण न देता 'नाही' म्हणता आलं असतं, तर एकही रिलीज गेलं नसतं.

२०११ च्या बैठकीत भारताने पाठिंबा जाहीर केला, टाळ्या पडल्या, आणि कॅनडाने खोडा घातला. २०१३ मध्ये कॅनडा गप्प बसला, तर आपण रशियाच्या बरोबरीने विरोधात! दोन वर्षांत अ‍ॅस्बेस्टॉस बदललं नव्हतं. कर्करोग व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, धोरण बदलायला दोन पुरतात. आपल्या पत्र्याच्या कारखान्यांना आयात माल लागतो, हे उघड आहे. पण धोका कळवायलाही विरोध का, हे मला काही पटत नाही.

कॅनडाने २०१८ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. क्यूबेकमध्ये ज्या गावाचं नावच 'अ‍ॅस्बेस्टॉस' होतं, त्याने २०२० मध्ये नाव बदलून व्हाल-दे-सूर्स केलं. आणि जिनिव्हात? २०२५ मध्ये कार्बोसल्फान आणि फेन्थिऑन यादीत गेले. क्रायसोटाइल पुन्हा बाहेरच.