नेमाच्या दुर्बिणीची कांच

शिकारीच्या रायफलीवर बसविण्याची दुर्बीण पाहिली कीं, मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो असा कीं, "ही किती पट मोठें दाखविते?" शाळेंत प्रकाशाचा धडा चालला असतां मुलेंहि मला हेंच विचारीत. प्रश्न स्वाभाविक आहे. पण दुर्बिणीची पारख त्यानें होत नाहीं. "हिच्यांतून उजेड किती येतो, आणि तो किती स्वच्छ येतो?" हा खरा प्रश्न. तो समजण्यास शिकाऱ्यांना व कारागिरांना जवळजवळ शंभर वर्षें लागलीं, त्याची ही हकीकत आहे.

रायफलीवरील दुर्बीण व्यवहारांत आली ती अमेरिकेंत. चॅपमन याच्या १८४८ सालच्या ग्रंथांत यूटिका येथील मॉर्गन जेम्स या बंदुका बनविणाऱ्याच्या कामाची व अशा दुर्बिणीची माहिती आहे. पुढें १८५५ पासून सिराक्यूज येथें विल्यम माल्कम यानें तिच्यांत बरीच सुधारणा केली. त्याची दुर्बीण म्हणजे बंदुकीच्या नळीवर आडवी ठेवलेली, तिच्याइतकीच लांब व सुमारें पाऊण इंच जाडीची दुसरी नळीच! माल्कमनें तींत वर्णदोष काढलेलीं भिंगें घातलीं, हें त्याचें मोठें काम.

वर्णदोष म्हणजे काय? साध्या भिंगांतून पाहिलें असतां पदार्थाच्या कडेला इंद्रधनुष्याची किनार दिसते. कारण तांबडा व निळा किरण एकाच ठिकाणीं मिळत नाहींत. हा दोष भिंगांतून जाणेंच शक्य नाहीं, असें खुद्द न्यूटननें मानलें, आणि त्याच्या शब्दाच्या वजनामुळें पुष्कळांनीं तो नाद सोडला. परंतु १७३३ च्या सुमारास चेस्टर मूर हॉल या इंग्रज गृहस्थानें क्राउन व फ्लिंट अशा दोन जातींच्या कांचा जोडून तो घालविला, आणि १७५८ सालीं डॉलंड यानें त्याचें पेटंट घेतलें. थोर माणसाचें वचनहि तपासून पाहावें, हें मी मुलांना याच गोष्टीवरून सांगत असें.

अमेरिकन शिकारी मोकळ्या माळावर, भर उन्हांत नेम धरी. त्याला बारीक नळी पुरत असे. मध्य युरोपांतील गोष्ट निराळी. तेथें रानडुक्कर व हरीण बाहेर पडे तें तिन्हीसांजा किंवा चांदण्यांत, आणि शिकारी मचाणावर बसून वाट पाही. माल्कमची नळी तेथें काय कामाची? १८८० सालीं ऑस्ट्रियांतील ऑगस्ट फीडलर या वनाधिकाऱ्यानें आंखूड दुर्बीण बनविली, आणि व्हिएन्नांत कार्ल काहलेस यानें १८९८ सालीं कारखाना काढून तो धंदा वाढविला. याच सुमारास जर्मनींतील येना येथें आबे व शॉट यांच्या श्रमानें नव्या कांचा तयार होत होत्या. १८८४ सालीं तेथें भट्टी निघाली व १८८६ च्या यादींत ४४ प्रकारच्या कांचा होत्या. शिकाऱ्याची दुर्बीण सुधारली ती लोहारशाळेंत नव्हे, या भट्टींत.

आतां थोडा हिशेब. पुढच्या भिंगाचा व्यास वर्धनशक्तीनें भागला कीं, डोळ्यापाशीं निघणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. ३२ मिलिमीटरांचें भिंग व चौपट वर्धन असेल तर तें वर्तुळ ८ मिलिमीटर. आठपट केलें तर अवघें ४. अंधारांत तरुणाची बाहुली सुमारें ७ मिलिमीटर उघडते. म्हणून आठपट दाखवूनहि उजेड पुरावा, यासाठीं जर्मन शिकारी ५६ मिलिमीटरांचें भिंग पसंत करीत. माझ्यासारख्या साठी उलटलेल्याची बाहुली मात्र बहुधा पांचाच्या आसपासच थांबते. त्याला तें ओझें वाहून लाभ थोडा.

दुसरी गळती पृष्ठभागांवर होते. कांचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग शेंकडा निदान ४ भाग प्रकाश परत फेंकतो. असे दहा पृष्ठभाग असले कीं शंभरांतून जेमतेम ६६ भाग डोळ्यापर्यंत पोहोंचतात. आणि परतलेला प्रकाश नळींत घोटाळून चित्र फिकें करतो तें वेगळेंच. १८९२ सालीं इंग्लंडांत डेनिस टेलर याला आढळलें कीं, जुनें, डागाळलेलें भिंग नव्या चकचकीत भिंगाहून अधिक प्रकाश सोडतें! त्या डागाचें मर्म ओळखून १९३५ सालीं झाइस कारखान्यांतील स्माकुला यानें निर्वात पेटींत कांचेवर अतिसूक्ष्म थर चढविण्याची रीति काढली. आज चांगल्या थरानें प्रत्येक पृष्ठभागाचा तोटा अर्ध्या टक्क्यावर येतो, आणि त्याच दहा पृष्ठभागांतून ९५ भाग पार होतात.

या विद्येची दुसरी बाजू सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९१४ सालीं युद्ध पेटलें तेव्हां ब्रिटनला लागणाऱ्या दुर्बिणीच्या कांचेपैकीं शेंकडा सुमारें ६० जर्मनींतून येत असे. घरची होती फक्त १०. जर्मनीनें शिकाऱ्यांच्या घरच्या दुर्बिणीसकट रायफली गोळा करून खंदकांत धाडल्या. हरणासाठीं घांसलेलें भिंग माणसावर रोखलें गेलें. ब्रिटिशांकडून उत्तर देण्यास उभा राहिला तोहि हेस्केथ-प्रिचर्ड हा एक शिकारीच. पुष्कळ सैनिकांच्या दुर्बिणी रायफलीशीं जुळलेल्याच नाहींत, हें त्यानें दाखवून दिलें. कांच उत्तम असून बैठक सैल असेल तर ती व्यर्थच.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचे दिवस सरले. परंतु पक्षी पाहण्याच्या दुर्बिणीला हेच नियम लागू आहेत. दुकानांत भर दुपारीं सर्वच दुर्बिणी चांगल्या दिसतात. घेणाऱ्यानें दिवेलागणीच्या वेळीं दोन दुर्बिणी घेऊन एकाच झाडाकडे पाहावें. जींतून फांद्या शेवटपर्यंत निरनिराळ्या ओळखूं येतात ती घ्यावी. तिच्यावर आंकडा कोणता कोरला आहे तें मागाहून वाचलें तरी चालेल.