रुग्णालयांना जाब विचारणारे नगरसेवक

केईएम, शीव, नायर ही रुग्णालये महापालिकेची. तेथील गैरसोयींचा जाब पालिकेच्या सभागृहात विचारला गेला, तर मुंबईकराला त्यात नवल वाटत नाही. इंग्लंडमध्ये स्थिती निराळी आहे. १९४८ साली तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा म्हणजेच ‘एनएचएस’ स्थापन झाली आणि तोवर स्थानिक कौन्सिलांकडे असलेली रुग्णालये सरकारच्या ताब्यात गेली. वृद्ध व अपंगांची देखभाल मात्र कौन्सिलांकडेच राहिली. परिणामी, गावातील रुग्णालयाच्या कारभाराची छाननी करण्याचा कायदेशीर अधिकार गावानेच निवडून दिलेल्या सदस्यांना अर्धशतकाहून अधिक काळ नव्हता.

हा अधिकार २००१ च्या आरोग्य व समाजसेवा कायद्याने दिला आणि जानेवारी २००३ पासून तो अमलात आला. कौन्सिलच्या ‘आरोग्य छाननी समिती’त सत्ताधारी मंत्रिमंडळातील सदस्यांना स्थान नसते, इतर सर्वपक्षीय सदस्य असतात. ही समिती आरोग्यसेवेच्या अधिकाऱ्यांना पाचारण करू शकते, माहिती मागवू शकते व शिफारशी करू शकते. एखादी सेवा बंद करणे वा तिच्यात मोठा बदल करणे असेल, तर समितीशी सल्लामसलत बंधनकारक असते. त्यातूनही मतभेद उरल्यास प्रकरण थेट आरोग्यमंत्र्यांकडे पाठविण्याची मुभा समितीला होती. मंत्री मग तज्ज्ञांच्या स्वतंत्र मंडळाचा सल्ला घेत. समितीचे खरे बळ या तरतुदीत होते.

ऑक्सफर्डशायरमधील बॅनबरी गावाच्या हॉर्टन रुग्णालयाला तिचा प्रत्यय आला. तेथील प्रसूतीसेवेत कपात करण्याचा प्रस्ताव समितीने मंत्र्यांकडे नेला. पुढचे मोठे रुग्णालय ऑक्सफर्डला, म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. अडलेल्या बाळंतिणीसाठी हे अंतर किती, हा साधा प्रश्न होता. २००८ मध्ये तज्ज्ञ मंडळाने प्रस्ताव अमान्य केला व मंत्र्यांनी तो सल्ला स्वीकारला. मात्र २०१६ मध्ये डॉक्टर मिळत नसल्याच्या कारणाने तज्ज्ञ डॉक्टरांचा प्रसूती विभाग ‘तात्पुरता’ बंद झाला आणि केवळ सुईणींच्या देखरेखीखालील प्रसूती तेथे होत राहिल्या. पुढील वर्षी हा बदल कायम करण्याचा निर्णय झाल्यावर समितीने पुन्हा मंत्र्यांचे दार ठोठावले. अधिक अभ्यासाचा आदेश निघाला. परंतु २०१९ मध्ये निर्णय पुन्हा तोच झाला. न भरलेल्या पदांपुढे समितीचा अधिकार कुठवर पुरतो, हेही यातून दिसले.

याहून गंभीर अपयश स्टॅफर्डचे. तेथील रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची अक्षम्य हेळसांड झाली. पिण्याचे पाणी हाताशी नाही, घाण झालेल्या चादरी तासन्‌तास तशाच, अशा तक्रारी होत्या. काउंटी कौन्सिल व बरो कौन्सिल अशा दोन समित्या तेथे होत्या. दोन्हींना या प्रकाराचा सुगावा लागला नाही. त्याला वाचा फोडली ती नातेवाइकांनी. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या फेब्रुवारी २०१३ मधील चौकशी अहवालाने या समित्यांनाही दोषमुक्त केले नाही. अधिकाऱ्यांनी सांगितलेले ऐकून घेणे म्हणजे छाननी नव्हे, हा त्यातील रोख होता. अहवालाच्या २९० शिफारशींपैकी एकीत तर समित्यांना प्रत्यक्ष तपासणीचा अधिकार द्यावा किंवा त्यांनी रुग्ण प्रतिनिधींच्या मदतीने तपासणी घडवून आणावी, असे सुचविले होते. वैद्यकीय ज्ञान नसलेल्या सदस्याला आकडेवारीचा अर्थ समजावून देणारे कोणी हाताशी नसेल, तर तो प्रश्न तरी काय विचारणार? अहवालाने त्यासाठीही पाठबळ मागितले होते.

सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी एप्रिल २०१३ मध्ये कौन्सिलांकडे परत आली आणि सरकारी पैशातून सेवा देणाऱ्या खासगी संस्थाही छाननीच्या कक्षेत आल्या. पण २०२२ च्या कायद्याने मंत्र्यांना कोणत्याही टप्प्यावर हस्तक्षेपाचा अधिकार दिला आणि ३१ जानेवारी २०२४ पासून समितीचा प्रकरण मंत्र्यांकडे पाठविण्याचा खास अधिकार संपला. आता समितीला मंत्र्यांना हस्तक्षेपाची विनंती तेवढी करता येते. अशी विनंती कोणीही सामान्य नागरिक करू शकतो. सल्लामसलतीचे बंधन कायम आहे; विनंती मानायची की नाही, हे मात्र सर्वस्वी मंत्र्यांच्या मर्जीवर आहे.