महाराज बदनामी खटला

महाराज बदनामी खटला (महाराज लायबल केस) हा इ.स. १८६२ मध्ये मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात चाललेला अब्रुनुकसानीचा खटला होय. पुष्टिमार्गी वैष्णव संप्रदायातील एक धर्मगुरू जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज यांनी 'सत्यप्रकाश' या गुजराती साप्ताहिकाचे संपादक करसनदास मूळजी आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणिना यांच्याविरुद्ध तो दाखल केला होता. धर्मगुरूच्या खासगी वर्तनाची चर्चा वृत्तपत्रातून करता येते काय आणि धर्मगुरू न्यायालयाला उत्तरदायी असतो काय, हे दोन प्रश्न या खटल्याच्या केंद्रस्थानी होते. मुख्य मुद्द्यावरील निकाल करसनदास यांच्या बाजूने लागला. पश्चिम भारतातील समाजसुधारणेच्या आणि वृत्तपत्रांच्या इतिहासात हा खटला महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी

पुष्टिमार्गाची स्थापना वल्लभाचार्य (१४७९–१५३१) यांनी केली. त्यांचे पुत्र विठ्ठलनाथ यांच्या सात पुत्रांपासून या संप्रदायाच्या सात गाद्या निर्माण झाल्या. गुरुपद वंशपरंपरेने चालत असे आणि गुरूंना 'महाराज' म्हणत. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील भाटिया, लोहाणा, कपोळ वाणी इत्यादी व्यापारी ज्ञातींमध्ये या संप्रदायाचे अनुयायी मोठ्या संख्येने होते. व्यापारी मालावर 'लागा' नावाची पट्टी बसवून तिचे उत्पन्न महाराजांकडे पोहोचविण्याची प्रथा होती. गुरूला देवस्वरूप मानण्याची श्रद्धा, ज्ञातीच्या पंचांचा पाठिंबा आणि हे आर्थिक बळ यांमुळे महाराजांचा अधिकार व्यापक झाला होता.

संप्रदायातील दीक्षाविधीत भक्त आपले तन, मन आणि धन ईश्वराला अर्पण करतो. व्यवहारात हे समर्पण गुरूलाच केलेले मानले जाते आणि त्या आधारावर भक्तांच्या स्त्रियांचे शोषण होते, असा सुधारकांचा आरोप होता.

करसनदास मूळजी (१८३२–१८७१) हे स्वतः कपोळ ज्ञातीतील व जन्माने याच संप्रदायातील होते. एल्फिन्स्टन संस्थेत शिकत असताना त्यांनी विधवाविवाहावर निबंध लिहिला. त्यामुळे त्यांना नातेवाइकांचे घर सोडावे लागले. १८५५ मध्ये त्यांनी 'सत्यप्रकाश' सुरू केले.

वृत्तपत्रीय वाद

न्यायालयात हजर राहण्यापासून महाराजांना सूट मिळावी, असा प्रयत्न १८५९ च्या सुमारास सुरू झाला. त्यासाठी अनुयायांकडून एका लेखावर सह्या घेण्यात आल्या. कोणाही वैष्णवाने महाराजांना न्यायालयात खेचू नये आणि त्यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्याचा प्रतिकार करावा, असा त्या लेखाचा आशय होता. 'सत्यप्रकाश'ने या लेखाला 'गुलामीखत' म्हटले आणि त्यावर सातत्याने टीका केली.

१८६० मध्ये जदुनाथजी महाराज सुरतेहून मुंबईस आले. त्याच वर्षी कवी नर्मद (नर्मदाशंकर लालशंकर दवे) आणि महाराज यांच्यात विधवाविवाहाच्या प्रश्नावर जाहीर वाद झाला. सुधारकांना उत्तर देण्यासाठी महाराजांच्या पक्षानेही आपले नियतकालिक काढले. अशा रीतीने धर्मविषयक वाद मंदिराच्या आवारातून छापखान्यात आला आणि दोन्ही बाजू वाचकांना आवाहन करू लागल्या.

२१ ऑक्टोबर १८६० रोजी 'सत्यप्रकाश'मध्ये 'हिंदूंचा मूळ धर्म आणि सध्याची पाखंडी मते' अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख प्रसिद्ध झाला. पुष्टिमार्ग हा प्राचीन धर्म नसून अलीकडे निघालेला पंथ आहे, असे त्यात म्हटले होते. समर्पणाच्या कल्पनेचा अर्थ सांगण्यासाठी गोकुळनाथजींच्या टीकेचा आधार घेतला होता. शेवटी जदुनाथजींचे नाव घेऊन महाराजांच्या अनीतीवर थेट आरोप केला होता.

भाटिया कट खटला

मे १८६१ मध्ये महाराजांनी ५०,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. लेखातील मजकूर सत्य आहे, असा बचाव करसनदास यांनी घेतला. या बचावात आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. त्यामुळे संप्रदायातीलच माणसे साक्षीस उभी राहणे आवश्यक होते.

हे ओळखून भाटिया ज्ञातीच्या काही पुढाऱ्यांनी सभा भरवली आणि महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्यास ज्ञातीबाहेर टाकण्याचे ठरविले. तत्कालीन समाजात बहिष्कार म्हणजे रोटीबेटीव्यवहार बंद होणे आणि व्यापारातील पत जाणे होय. करसनदास यांनी साक्षीदारांना धमकावण्याच्या कटाबद्दल नऊ जणांवर खटला भरला. आरोपी दोषी ठरले. दोन प्रमुख आरोपींना प्रत्येकी १,००० रुपये व इतरांना प्रत्येकी ५०० रुपये दंड झाला. मूळ खटल्यात साक्षीदार उभे राहण्याचा मार्ग या निकालामुळे मोकळा झाला.

सुनावणी

मूळ खटल्याची सुनावणी जानेवारी १८६२ मध्ये मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉसे आणि न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यासमोर सुरू झाली व मार्चच्या आरंभी संपली. महाराजांच्या वतीने बेली व स्कोबल, तर करसनदास यांच्या वतीने अ‍ॅन्स्टी व डनबार हे बॅरिस्टर होते. न्यायालयात व बाहेर मोठी गर्दी होत असे आणि इंग्रजी व देशी भाषांतील वृत्तपत्रे कामकाजाचे वृत्तान्त छापत असत.

भाटिया समाजातील मथुरादास लवजी व लखमीदास खिमजी यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली. मिशनरी व प्राच्यविद्यापंडित डॉ. जॉन विल्सन यांनी संप्रदायाच्या ग्रंथांविषयी साक्ष दिली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांच्या साक्षी विशेष गाजल्या. महाराजांना गुप्तरोग (उपदंश) झाला होता, असे या डॉक्टरांच्या साक्षीतून पुढे आले. स्वतः जदुनाथजी महाराजांनाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. त्यांनी आरोप नाकारले. ज्या हजेरीतून सूट मिळावी म्हणून 'गुलामीखत' तयार झाले होते, ती अशा प्रकारे टळली नाही.

निकाल

२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल जाहीर झाला. लेखाच्या प्रसिद्धीसंबंधीच्या कायदेशीर मुद्द्यावर दोन्ही न्यायाधीशांचे एकमत नव्हते. परंतु लेखातील आरोप सत्य असल्याचा बचाव त्यांनी मान्य केला. आपल्यापुढील प्रश्न धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे आणि जे नीतीच्या दृष्टीने वाईट आहे ते धर्माच्या नावाखाली योग्य ठरू शकत नाही, असा न्या. आर्नोल्ड यांच्या विवेचनाचा आशय होता. करसनदास यांना ११,५०० रुपये खर्चापोटी देण्याचा आदेश झाला. त्यांचा प्रत्यक्ष खर्च याहून अधिक झाला होता.

परिणाम

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जागी मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले आणि सॉसे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. न्या. आर्नोल्ड यांनी पुढे १८६६ मध्ये आगाखान व खोजा समाजासंबंधीच्या प्रसिद्ध खटल्याचाही निकाल दिला.

'सत्यप्रकाश' हे १८६१ मध्येच दादाभाई नौरोजी यांनी स्थापन केलेल्या 'रास्त गोफ्तार'मध्ये विलीन झाले होते. १८६३ मध्ये करसनदास इंग्लंडला गेले व समुद्रपर्यटनामुळे ज्ञातीच्या बहिष्काराला पात्र ठरले. खटला जिंकूनही त्यांना ज्ञातीच्या शिक्षेपासून न्यायालय वाचवू शकले नाही. त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासवर्णनाचे पुस्तक १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी काठेवाडात प्रशासकीय काम केले. तेथेच १८७१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. महाराजांच्या संप्रदायाविषयी १८६५ मध्ये लंडन येथे निनावी प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ त्यांचा मानला जातो.

मूल्यमापन

या खटल्यामुळे धर्मगुरूच्या वर्तनाची चिकित्सा करण्याचा वृत्तपत्रांचा अधिकार दृढ झाला, असे सुधारणावादी इतिहासलेखनात म्हटले जाते. अलीकडच्या अभ्यासकांनी त्याची दुसरी बाजूही दाखविली आहे. अमृता शोधन यांनी वसाहतकालीन कायदा व धार्मिक समुदाय यांच्या संबंधांच्या संदर्भात या खटल्याची चर्चा केली आहे. इंग्रज न्यायाधीशांनी मिशनरी पंडितांच्या साहाय्याने 'मूळ' हिंदू धर्म कोणता हे पाहावे, यात परकीय सत्तेचा धर्मावरील अधिकार वाढत होता. शिवाय एका गुरूचा दोष आणि संपूर्ण संप्रदायाची शिकवण यांत 'सत्यप्रकाश'च्या लेखाने पुरेसा भेद केला नव्हता. खटल्यानंतरही पुष्टिमार्ग टिकून राहिला.

चित्रपट

सौरभ शाह यांच्या 'महाराज' या गुजराती कादंबरीवर आधारित त्याच नावाचा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला. त्यात जुनैद खान व जयदीप अहलावत यांच्या प्रमुख भूमिका आहेत. धार्मिक भावना दुखावल्या जातील या तक्रारीवरून गुजरात उच्च न्यायालयाने त्याच्या प्रदर्शनाला तात्पुरती स्थगिती दिली होती. चित्रपट पाहिल्यानंतर न्यायालयाने जून २०२४ मध्ये ती उठवली.