नदी, एरी आणि समुद्र : श्रीपेरुंबुदूरच्या जलभूमीतून एका दृष्टांताचे वाचन

१.

भारतीय तत्त्वविचारात आणि भारतीय भाषांच्या काव्यपरंपरेत नदी-समुद्राच्या नात्याइतका वारंवार योजलेला दृष्टांत क्वचितच आढळेल. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतो की, पूर्वेच्या नद्या पूर्वेकडे वाहतात आणि पश्चिमेच्या पश्चिमेकडे. त्या समुद्रातून समुद्रात जातात, समुद्रच होतात आणि 'मी अमुक नदी' ही जाणीव त्यांना तेथे उरत नाही. मुंडक उपनिषद त्यात आणखी एका पदाची भर घालते : नद्या समुद्रात मावळतात त्या नाव आणि रूप टाकून. शांकर परंपरेने या दृष्टांतात जीव-ब्रह्माचा अभेद पाहिला. रामानुजांनी मात्र हा अन्वयार्थ स्वीकारला नाही. त्यांच्या मते मुक्त जीव ब्रह्माशी साम्य पावतो, ब्रह्म होत नाही. मुंडकातच साम्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि जगद्व्यापार तर मुक्तालाही लाभत नाही, असे ब्रह्मसूत्रांचा शेवटचा पाद सांगतो. सुटते ते कर्माने चिकटलेले नामरूप. जीवाचे वेगळेपण सुटत नाही.

हा मतभेद दर्शनशास्त्राच्या इतिहासात सुपरिचित आहे. त्यातील दुसऱ्या पक्षाच्या आचार्यांचे जन्मस्थान कोणत्या जलभूमीत आहे, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. परंपरेनुसार रामानुजांचा जन्म इ.स. १०१७ मध्ये श्रीपेरुंबुदूर येथे झाला. चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या या गावाचे संस्कृत नाव भूतपुरी. भूगोलाने तत्त्वज्ञान घडविले असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि ज्या भूमीत नदी समुद्रापर्यंत अखंडपणे पोहोचणे हाच अपवाद आहे, त्या भूमीचा इतिहास समोर ठेवून हा दृष्टांत पुन्हा वाचला, तर त्याच्या दोन्ही अन्वयार्थांनी गृहीत धरलेली एक गोष्ट उघड होते. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने या वाचनाला आणखी एक कारण आहे : सह्याद्रीत उगम पावणारी एक नदी विसाव्या शतकाच्या अखेरीस याच परिसरात येऊन पोहोचली.

२.

श्रीपेरुंबुदूरला मोठी नदी नाही, तलाव आहे. तमिळमध्ये अशा तलावाला 'एरी' म्हणतात. सखल उताराच्या प्रदेशात मातीचा लांब बांध घालून पावसाचे व कालव्याचे पाणी अडवायचे, त्यावर भाताची शेती करायची आणि कलंग्यावरून सांडणारे जादा पाणी खालच्या एरीकडे सोडायचे, अशी ही व्यवस्था आहे. तोंडैमंडलम् या ऐतिहासिक प्रदेशाची शेती अशा साखळीने गुंफलेल्या तलावांवर उभी राहिली. एका एरीचे सांडपाणी ही दुसरीची आवक असल्यामुळे येथे पाण्याचा प्रवास नदीच्या रेषेने कमी आणि तलावांच्या पायऱ्यांनी अधिक होतो.

या प्रदेशाची मुख्य नदी पालार. 'पाल' म्हणजे दूध आणि 'आरु' म्हणजे नदी. संस्कृतात तिला क्षीरनदी म्हटले गेले. कर्नाटकातील नंदी टेकड्यांच्या परिसरात उगम पावून, आंध्र प्रदेशातून तमिळनाडूत येऊन ती चेन्नईच्या दक्षिणेस बंगालच्या उपसागराला मिळते. परंतु ती नेहमीच तेथे मिळत नव्हती. प्राचीन काळी तिचा प्रवाह आजच्यापेक्षा पुष्कळ उत्तरेकडून, कोसस्थलैयारच्या खोऱ्यातून वाहत होता, असे भूशास्त्रीय पुराव्यांवरून दिसते; त्या जुन्या पात्राला 'वृद्धक्षीरनदी' असे नाव आहे. म्हणजे येथे नदीने आपले नाव समुद्रात टाकले नाही. ते जमिनीवरच दोन ठिकाणी विभागले गेले : पाणी दक्षिणेला गेले आणि वार्धक्याचे विशेषण लावलेले नाव उत्तरेला राहिले.

पालारचे पाणी माणसांनीही वळविले. पल्लवकालीन मानला जाणारा कंबन कालवा पालारपासून निघून वाटेतील तलाव भरत श्रीपेरुंबुदूरच्या एरीपर्यंत येतो. तेथील जादा पाणी पुढे चेंबरंबाक्कमच्या विस्तीर्ण तलावाकडे जाते आणि त्या तलावाचा विसर्ग अड्यार नदीत होतो. अड्यारचा स्वतःचा आरंभही श्रीपेरुंबुदूरच्या परिसरात, मणिमंगलमजवळच्या तलावात मानला जातो. कूवम नदी केशवरम् येथील बंधाऱ्यापाशी कोसस्थलैयारपासून वेगळी होते. चेन्नईच्या या नद्यांना पर्वतातील उगम शोधून मिळत नाही. त्यांचा उगम तलावात किंवा बंधाऱ्यात सापडतो. त्यांची मुखेही वर्षभर उघडी नसतात. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या वहनामुळे अड्यार आणि कूवम यांच्या मुखांशी दांडे तयार होतात आणि ओहोटीच्या महिन्यांत नदी समुद्रापासून काही पावलांवर थबकून राहते. किनाऱ्याला समांतर खोदलेल्या बकिंगहॅम कालव्याने एकोणिसाव्या शतकात या तिन्ही नद्या आडव्या जोडल्या. समुद्राकडे जाणाऱ्या प्रवाहांना समुद्राच्या कडेकडेने वाहायला लावणारी ही रचना उद्दालकाच्या दृष्टांतात बसणारी नाही.

३.

नदी समुद्राला मिळालीच नाही तर काय, हा प्रश्न भाष्यकारांनी अगदीच दुर्लक्षिला असे नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तराव्या श्लोकात स्थितप्रज्ञाला समुद्राची उपमा दिली आहे. येथे समुद्र म्हणजे ब्रह्म नव्हे, तर अविचल पुरुष. आणि नद्यांचे पाणी म्हणजे त्याच्यात शिरणारे काम. या श्लोकावर लिहिताना रामानुज म्हणतात की, समुद्र मुळातच स्वतःने परिपूर्ण आहे. नद्यांचे पाणी त्यात शिरले काय किंवा न शिरले काय, त्याच्यात कोणताही विशेष घडत नाही. मूळ श्लोकात केवळ प्रवेश आहे. 'न शिरले तरी' हा दुसरा पर्याय भाष्यकाराने जोडलेला आहे.

सुमारे दोन शतकांनंतर, शके १२१२ मध्ये, प्रवरेच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरांनी याच श्लोकाचा विस्तार केला. त्यांनीही दोन्ही पर्याय मांडले आहेत, पण ऋतूंच्या भाषेत. सर्व नद्या दुथडी भरून आल्या तरी समुद्र यत्किंचित वाढत नाही आणि ग्रीष्मात त्या सगळ्या आटून गेल्या तरी तो उणा होत नाही, असा त्यांचा आशय आहे. रामानुजांच्या तर्कशुद्ध 'अप्रवेशा'च्या जागी मराठी ओवीत कोरडे पडलेले पात्र दिसते. दख्खनच्या पठारावरील नद्यांचे हे वार्षिक चक्र श्रोत्यांच्या नित्य अनुभवातले होते. एका श्लोकाची ही दोन भाष्ये परस्परांवर अवलंबून आहेत असे मानण्याचे कारण नाही. तरीही शास्त्रीय गद्यातील विकल्प आणि देशी भाषेतील ऋतुचित्र यांची ही समांतरता तौलनिक अभ्यासाला उपयुक्त आहे. कारण दोघांनीही समुद्राची पूर्णता सिद्ध करण्यासाठी नदीचे न पोहोचणे शक्य मानले. मात्र नदी पोहोचली नाही तर तिचे स्वतःचे, आणि तिच्या काठच्या माणसांचे, काय होते हा प्रश्न दोन्ही ठिकाणी दृष्टांताच्या कक्षेबाहेर राहिला. दृष्टांताचे लक्ष समुद्राकडे होते. इतिहासाला मात्र नदीकडे पाहावे लागते.

४.

श्रीपेरुंबुदूरच्या परिसरात कृष्णाकाठचा पहिला ठळक प्रवेश पाण्याने नव्हे, सैन्याने केला. सातव्या शतकात बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी पल्लवांवर चालून आला. ह्युएनत्संगाने ज्याचे वर्णन महाराष्ट्राचा राजा म्हणून केले तोच हा राजा, इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात त्याच्या संदर्भात तीन महाराष्ट्रकांचा निर्देश आहे. नरसिंहवर्मन् पल्लवाने त्याचा ज्या ठिकाणी पराभव केल्याचे पल्लव ताम्रपट सांगतात, त्यांत मणिमंगलम् आहे. अड्यारचा उगम सांगितला जातो तेच हे गाव. त्यानंतर पल्लव सैन्य बदामीपर्यंत गेले.

दुसरा प्रवेश तेराशे वर्षांनी झाला. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे उगम एकत्र पुजले जातात. त्यांपैकी सावित्री पश्चिमेकडे उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा त्याच समुद्रापासून अवघ्या चौसष्ट किलोमीटरवर जन्मूनही पाठ फिरविते आणि सुमारे १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. एका मंदिरातून दोन समुद्र, हे उद्दालकाच्या वाक्याचे प्रत्यक्ष दर्शन म्हणता येईल.

बच्छावत लवादाने कृष्णेचे पाणी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट असे वाटून दिले. तमिळनाडू कृष्णेच्या खोऱ्यात मोडत नसल्याने त्याला वाटा नव्हता. परंतु १९७६ मध्ये तिन्ही राज्यांनी आपापल्या हिश्शातून पाच-पाच अब्ज घनफूट पाणी मद्रास शहराच्या पिण्यासाठी देण्याचे मान्य केले आणि १९८३ मध्ये आंध्र प्रदेश व तमिळनाडू यांच्यात प्रत्यक्ष कार्यवाहीचा करार झाला. बाष्पीभवन वजा जाता सरहद्दीवर १२ अब्ज घनफूट पाणी मिळावे असे ठरले. श्रीशैलम् जलाशयातून निघालेले पाणी पेन्ना नदीवरील सोमशिला आणि पुढे कंडलेरू जलाशयांतून कालव्याने तमिळनाडूच्या सीमेवर येते. १९९६ मध्ये ते प्रथम पूंडी जलाशयात पोहोचले. तेथून जोडकालव्याने ते चेंबरंबाक्कमलाही नेता येते. ज्या तलावाकडे श्रीपेरुंबुदूरच्या एरीचे पाणी उतरते, त्यातच महाबळेश्वरच्या नदीचाही अंश मिसळतो.

या योजनेचे अधिकृत नाव 'तेलुगू गंगा'. उगम मराठी प्रदेशात, नाव तेलुगूचे, त्यापुढे उत्तरेतील पवित्र नदीचे पद आणि वापर तमिळ नगरात, असे या नावाचे थर आहेत. चेन्नईतील सार्वजनिक व्यवहारात मात्र या पाण्याला 'कृष्णा नीर' म्हणतात. ज्या पाण्यात पेन्नेचे आणि स्थानिक पावसाचे पाणी मिसळले आहे, त्याची ओळख मूळ नदीच्या नावानेच टिकली. मिसळूनही नाव न गमावणारी ही नदी अभेदाच्या दृष्टांतापेक्षा रामानुजांच्या साम्याशी अधिक जुळते. फरक इतकाच की येथे नाव टिकते ते तत्त्वाने नव्हे, करारातील मोजमापाने.

या औदार्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. कृष्णेच्या खोऱ्यातच माण, खटाव, जत, सांगोला यांसारखे अवर्षणप्रवण तालुके आहेत. नदी त्यांच्या खोऱ्याची, पण पाणी त्यांच्या शेताचे नव्हे, ही तेथील दीर्घकालीन व्यथा आहे. एप्रिल २०१६ मध्ये कृष्णाकाठच्या मिरजेहून गोदावरीच्या खोऱ्यातील लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. जुलै २०१९ मध्ये चेन्नईचे चारही मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा जोलारपेट्टैहून शहराकडे रेल्वेने आलेले पाणी कावेरीचे होते. ज्ञानेश्वरांच्या ओवीतील ग्रीष्म समुद्राला उणा करीत नाही, नगराला करतो.

५.

आणि पूर? डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत चेंबरंबाक्कममधून सेकंदाला २९,००० घनफुटांपर्यंत विसर्ग करावा लागला आणि अड्यारने आपल्या पात्रात व पूरमैदानात वसलेले शहर बुडविले. एरवी जिला नाला समजले जात होते ती नदी आहे, हे त्या रात्री कळले. एरींच्या साखळीतील दुवे बुजविले गेले, की पाणी समुद्राकडे जाण्याची जुनी वाट स्वतः शोधते.

तौलनिक साहित्याभ्यासाची परिभाषाही याच दृष्टांतावर पोसलेली आहे. उगम, प्रवाह, ओघ, संगम, 'मुख्य प्रवाह' आणि अखेर विश्वसाहित्याचा सागर, ही शब्दावली मराठी समीक्षेत रूढ आहे. ती नकळत असे सुचविते की, प्रत्येक भाषेचे साहित्य आपले नामरूप टाकून कोठेतरी एकरूप होण्यासाठीच वाहते. श्रीपेरुंबुदूरचा जलेतिहास या शब्दावलीत एका तिसऱ्या पदाची भर घालतो : एरी. पाणी अडविणारे, साठविणारे, मोजून वाटणारे आणि उरलेले पुढच्याला देणारे हे स्थान म्हणजे ग्रहणाचे स्थान आहे. रामानुजांच्या परंपरेने स्वतःला 'उभयवेदान्त' म्हणविले, ते याच अर्थाने लक्षणीय ठरते. आळ्वारांची तमिळ पदे आणि संस्कृत वेदान्त यांना तिने एका मंदिरात शेजारी ठेवले, पण एकाला दुसऱ्यात विरघळविले नाही. आचार्यांनी स्वतः संस्कृतात भाष्ये लिहिली आणि तमिळ प्रबंधावरील भाष्य शिष्य पिळ्ळान् याच्याकडून करविले. ज्ञानेश्वरांनी संस्कृत गीता मराठीत आणली तेव्हाही गीतेचे नाव राहिले आणि ओवी मराठीच राहिली.

तेव्हा भाषांतर, भाष्य किंवा प्रभाव यांचा इतिहास लिहिताना 'अखेर काय एकरूप झाले' यापेक्षा 'कोठे अडविले, कोणी वाटले, कोणाच्या वाट्याचे गेले आणि नाव कोणाचे टिकले' हे प्रश्न अधिक फलदायी ठरतात. तमिळनाडूच्या सीमेवर, उत्तुकोट्टैजवळ, कृष्णेचे पाणी राज्यात शिरते त्या जागेला 'शून्य बिंदू' म्हणतात. तेथे येणारे पाणी मोजले जाते आणि कृष्णेच्या नावे नोंदले जाते. समुद्र त्या ठिकाणापासून फार दूर नाही. पण ही नोंद समुद्रापर्यंत थांबत नाही.