धुराचा रंग, लाखेची चकाकी : सावंतवाडी ते सनमायका

सावंतवाडीच्या चितारआळीत शिरले की दुकानांच्या फळ्यांवर लाकडी भातुकली मांडलेली दिसते. जाते, चूल, पोळपाट, लाटणे, इवल्या कळशा. सारे लाल, पिवळे, हिरवे आणि चकचकीत. मालवण-सावंतवाडी पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या खऱ्या स्वयंपाकघरात मात्र हे रंग क्वचितच आढळत. तेथे चुलीमागची भिंत काळी, माळ्याचे वासे काळे आणि फडताळाची दारे काळपट तपकिरी. बाहुलीच्या संसारात रंग होते, माणसांच्या संसारात नव्हते. रंगांचे जाणकार चितारी तर हाकेच्या अंतरावर राहत होते. मग त्यांची कला चुलीपर्यंत का पोहोचली नाही?

उत्तर लाखेच्या स्वभावात आहे.

लाख हा एका किड्याचा स्राव. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच उभारतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून, गाळून चपडी लाख तयार होते. कातकामात या लाखेत रंग मिसळून कांडी करतात. गरगर फिरणाऱ्या लाकडावर ती कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. वर केवड्याचे पान फिरवले की तिला झळाळी येते. ब्रश नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही.

पण जी वस्तू उष्णतेने चढते, ती उष्णतेनेच उतरते. पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधी लाख मऊ पडते. ओले भांडे तिच्यावर बराच वेळ राहिले तर पांढरे वलय उमटते. शिवाय ती क्षारात विरघळते. ज्या घरात भांडी राखेने घासली जात, त्या घरात राखेचे पाणी लाखेचा शत्रूच होते. चुलीची धग, भाताच्या पेजेची वाफ, राख आणि चार महिन्यांचा पाऊस: लाखेला नको असलेले सारे स्वयंपाकघरात एकवटलेले होते. लाखकाम तेथे टिकले नसते, आणि धुराने दोन पावसाळ्यांत त्याचा रंगही झाकून टाकला असता.

स्वयंपाकघराचे लाकूड मग आपल्या परीने नटत असे. धुराची काजळी, हातांचे तेल आणि वर्षानुवर्षांची पुसापुशी यांतून फडताळाला जो गडद तुकतुकीतपणा येई, त्याला आज अनेक जण ‘कळकटपणा’ म्हणतात. हे अन्यायाचे आहे. त्या धुराने वाळवी आणि भुंगेरे दूर राहत. काजूच्या टरफलाचे तेलही लाकूड राखण्यासाठी होड्यांना आणि घरांना लावले जाई. (काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला, म्हणजे ज्याला आपण अस्सल कोकणी म्हणतो, त्या लेपाचेही वय मर्यादितच.) फडताळाचा तो काळा रंग कोणी निवडलेला नव्हता. तो चुलीने दिलेला होता.

चिताऱ्यांचे रंग तोवर दुसरीकडे फुलत होते. सावंत-भोसल्यांच्या दरबारात, विशेषतः तिसरे खेम सावंत (१७५५ ते १८०३) यांच्या काळात, गंजिफा रुजली अशी परंपरा आहे. दशावतारी गंजिफेचा जोड १२० पत्त्यांचा: दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात बारा गोल पाने. येथे पत्त्याची बांधणी नीट पाहिली पाहिजे, कारण पुढची गोष्ट तिच्यावर उभी आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे. त्यांवर खडूचा लेप देऊन दगडाने घोटायचे. मग चित्र काढायचे आणि लाखेचा हात द्यायचा. थर, खळ, चित्र, राळ. एवढ्यावर कागदाला लाकडाचा ताठपणा येतो.

आता थोडे दूर जावे लागेल. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या उद्योगाला तारा आणि गुंडाळ्यांवर लेप देण्यासाठी लाख हवी होती, आणि जगाला ती प्रामुख्याने भारतातून मिळत असे. किड्यांच्या गतीने चालणारा पुरवठा कारखान्यांना पुरेना. लाखेला पर्याय शोधण्याच्या खटपटीत असलेल्या लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये अमेरिकेत बेकेलाइट तयार केले. ही राळ एकदा तापवून घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. लाखेचे जे वैगुण्य, नेमके तेच तिच्यात नव्हते.

पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतच डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी अशा राळेत भिजवलेले थर दाबून तक्ते बनवले. विजेच्या कामात अभ्रकाच्या, म्हणजे ‘मायका’च्या, जागी वापरायचे म्हणून नाव पडले ‘फॉर्मायका’. १९३८ च्या सुमारास वरच्या थरासाठी मेलामाइनची राळ आली. ती पारदर्शक आणि कठीण असल्याने तिच्याखाली हवा तो रंग, हवी ती नक्षी छापता येऊ लागली. भारतात अशा तक्त्यांना ‘सनमायका’ हे एका छापाचे नाव चिकटले, ते आजतागायत.

सनमायक्याचा तुकडा कडेने पाहावा. खाली राळेत भिजलेले तपकिरी कागद, त्यांवर छापील रंगाचा कागद, सर्वांत वर पारदर्शक राळ. थर, राळ, चित्र, राळ. अमेरिकेतल्या अभियंत्यांनी सावंतवाडीची गंजिफा पाहिली होती असे मुळीच सुचवायचे नाही. एकच अडचण दोन ठिकाणी एकाच रीतीने सुटली, इतकेच. पण तक्त्याच्या पोटातली राळ लाखेची जागा घेण्यासाठी जन्मली होती, हे मात्र निखळ सत्य आहे. जी लाख चुलीपाशी पोहोचू शकली नाही, तिच्या पर्यायाने तेथे जाऊन ठाण मांडले.

त्याआधी धूर जावा लागला. घरगुती गॅस भारतात १९५० च्या दशकात मुंबईसारख्या शहरात आला, १९६५ मध्ये ‘इंडेन’ सुरू झाले. कोकणातल्या वाड्यांवर सिलिंडर पोहोचायला त्यानंतर बराच काळ गेला. चूल मागीलदारी गेली, ओटा उभा राहिला आणि प्रथमच घरात प्रश्न विचारला गेला: कपाटाला रंग कोणता द्यायचा? पांढरा की लाकडी, चकचकीत की मंद? हा प्रश्न पडणे हीच धूर गेल्याची खूण होती.

याच सुमारास लाखकाम मरणपंथाला लागले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात ते पुन्हा उभे केले. गंजिफा जाणणारा एक वयोवृद्ध चितारी उरला होता. त्याच्याकडून सत्त्वशीलादेवी स्वतः शिकल्या आणि इतरांना शिकवले. केवळ पत्ते विकून पोट भरणार नाही हे जाणून दशावतारांची चित्रे पेट्या, दिवे आणि लाकडी सामानावर काढली जाऊ लागली. चिताऱ्याचा रंग अखेर घरातल्या सामानावर आला, पण दिवाणखान्यात.

आज मालवण-वेंगुर्ल्याकडची जुनी घरे नूतनीकरणाला निघतात, तेव्हा फडताळाची दारे पहिली उखडली जातात. खारी हवा बिजागऱ्या खाते, दमट भिंतीलगत हलका प्लायवुड फुगतो, हे खरे. ओट्याखाली सनमायका आणि पाणी सोसणारा प्लाय लावणे शहाणपणाचेच. पण जुने सागवानी किंवा फणसाचे दार पावसाळे पचवून बसलेले असते. त्यावर रंधा चालवण्याआधी ते कशाने लेपले आहे हे तरी पाहावे.

परीक्षा सोपी आहे. दाराच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ धरावा. लेप चिकट होऊन बोळ्यावर उतरला, तर ती बहुधा लाख, म्हणजे पॉलिशवाल्याचा हात. ती स्पिरिटनेच सारखी करता येते, घासावी लागत नाही. काहीच उतरले नाही आणि वर जाड रंगाचा थर असला, तर तो बहुधा तैलरंग. तो कोरडा घासू नये: घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा भारतात २०१७ च्या अखेरीस लागू झाली, त्यापूर्वीच्या रंगात शिसे भरपूर असू शकते आणि त्याची धूळ मुलांना सर्वाधिक बाधते. आणि कोमट पाण्याच्या फडक्यावर नुसतेच काळे उतरले, खाली लाकडाचे रेषे स्वच्छ दिसू लागले, तर ती चुलीची काजळी. तिला पातळ साबणपाणी पुरते, वर जवसाच्या तेलाचा एक हात.