माध्यमिक स्तरावरील वारसाशिक्षण आणि हस्तकृती : दिवाळीच्या किल्ल्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सांस्कृतिक वारशाचे जतन हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. २०२५ मध्ये रायगड, राजगड, प्रतापगड आदी १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तथापि माध्यमिक वर्गात किल्ला हा बहुधा लढाई, सनावळी आणि तहाच्या कलमांपुरताच उरतो. हाताने घडवून शिकण्याची परंपरा महाराष्ट्रात असूनही इतिहासाच्या अध्यापनाशी तिचा सांधा का जुळला नाही, याचा विचार येथे केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्या ठरावांनुसार डॉ. झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी, मातृभाषेतून सात वर्षांच्या शिक्षणाची योजना मांडली. या योजनेत हस्तोद्योग हा निराळा विषय नसून अन्य विषय शिकविण्याचे माध्यम होता. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. परंतु प्रत्यक्षात कार्यानुभवाची तासिका वेगळी आणि इतिहासाची वेगळी झाली. परिणामी हात आणि पुरावा यांची फारकत झाली.

दिवाळीचा किल्ला : उपलब्ध साधन

दगड, माती व गोणपाट यांचा किल्ला रचून त्यावर अळीव किंवा मोहरी पेरण्याची प्रथा मुलांना परिचित आहे. तिला अभ्यासाची जोड देता येते. उताराच्या प्रतिकृतीवर पाणी ओतल्यास ते कोठे साचते हे दिसते आणि टाक्यांच्या जागेची चर्चा सुरू होते. टाके खोदताना निघालेला दगड तटबंदीच्या कामी येई, हे समजल्यावर पाणी आणि बांधकाम यांचा संबंध स्पष्ट होतो. गोमुखी प्रवेशमार्ग मातीत घडविताना दरवाजा बुरुजांच्या आड का लपविला, वाट वळणाची का ठेवली, याचे उत्तर विद्यार्थ्यास स्वतः शोधता येते. त्यानंतरच्या गडभेटीत हीच उत्तरे प्रत्यक्ष अवशेषांशी ताडून पाहावीत. मूल्यमापनात सजावटीपेक्षा प्रत्येक रचनेमागील कारणाला गुण द्यावेत.

मर्यादा

प्रतिकृती हा पुरावा नव्हे. ते केवळ अनुमान होय, याची जाणीव विद्यार्थ्यांना देणे आवश्यक आहे. तसेच कृतियुक्त अध्ययन म्हणजे स्मारकास हात लावण्याची मुभा नव्हे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यान्वये संरक्षित स्मारकाची हानी हा दंडनीय अपराध आहे. म्हणून प्रयोग शाळेच्या अंगणात आणि निरीक्षण गडावर, ही विभागणी पाळावी.

समारोप

तटावर नाव कोरणाऱ्यास तो दगड केवळ दगड वाटतो. तो कोठून काढला आणि कसा चढविला, याचा विचार ज्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हातांनी केला आहे, त्याला जतनाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. त्यासाठी नव्या विषयाची गरज नाही. इतिहास आणि कार्यानुभव यांच्या तासिका पुन्हा एकत्र आणणे पुरेसे आहे.