पूर्ण चौकट आणि तोकडी थैली

गेल्या वर्षीं तुळशीच्या लग्नाच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. तालुक्याच्या गांवीं त्याचें छायाचित्रांचें लहानसें दुकान आहे. मुंजी, लग्नें आणि बारशीं यांवर त्याचा प्रपंच चालतो. नव्या कॅमेऱ्यासाठीं त्यानें पन्नास हजार रुपये शिल्लक टाकले होते. आणखी तितकेंच कर्ज काढून कोरा करकरीत ‘फुल-फ्रेम’, म्हणजे पूर्ण चौकटीचा, डिजिटल कॅमेरा घ्यावा काय, असा त्याचा प्रश्न होता. “गुरुजी, माझ्या कॅमेऱ्याची चौकट अर्धीच आहे हो,” तो खालच्या आवाजांत म्हणाला. एखाद्यानें आपल्या घरचें उणें सांगावें, तसा त्याचा स्वर होता.

छायाचित्राच्या धंद्यांतलें मला फारसें कळत नाहीं. परंतु तीस-पस्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविल्यामुळें एक खोड अंगीं जडली आहे. कोणी एखाद्या वस्तूला ‘पूर्ण’ म्हटलें, कीं ती पूर्ण कोणीं ठरविली आणि केव्हां ठरविली, हें विचारल्यावांचून मला राहवत नाहीं. श्रोतेहो, त्या चौकशींत जें हातीं लागलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

ही पूर्ण म्हणविणारी चौकट २४ मिलिमीटर उंच व ३६ मिलिमीटर रुंद असते. हें माप आलें कोठून? त्यासाठीं १८९२ च्या सुमारास अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत डोकावलें पाहिजे. तेथें डिक्सन नांवाचा त्याचा साहाय्यक चलच्चित्राच्या यंत्रावर खपत होता. ईस्टमनच्या कारखान्यांत तयार होणारी सुमारें ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यानें उभी मधोमध चिरली. ३५ मिलिमीटरची फीत जन्मास आली ती अशी. दोन्ही कडांना भोकें पाडल्यावर मध्यें जी जागा उरली, तींत २४ बाय १८ मिलिमीटरचें चित्र बसलें. या मापाला कोणत्याही कलाशास्त्राचा आधार नव्हता. हातीं होती ती फीत दोघांत वांटून घ्यावी, तसा तो काटकसरीचा व्यवहार होता.

पुढचा अध्याय जर्मनींतला आहे. वेट्झलर गांवीं एर्न्स्ट लाइट्स यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. तेथें १९११ सालीं ऑस्कर बार्नाक हा कारागीर नोकरीस लागला. त्याला छायाचित्रांचा नाद होता आणि दम्याचा विकारही होता. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि कांचेच्या जड पट्ट्या. हें ओझें घेऊन डोंगर चढणें त्याच्या छातीला झेपेना. त्यानें सिनेमाची फीत आडवी फिरविली, दोन चित्रांची जागा एका चित्राला दिली, आणि २४ बाय ३६ ची चौकट केली. निगेटिव्ह लहान घ्यावें व चित्र मागाहून मोठें करावें, हें त्याचें सूत्र. १९१४ च्या सुमारास त्याचा नमुना तयार झाला, तोंच महायुद्ध पेटलें. पुढें १९२४ सालीं, जर्मनीची आर्थिक घडी विसकटलेली असतांना, धाकट्या एर्न्स्ट लाइट्सनें हा कॅमेरा बाजारांत आणण्याचें धाडस केलें. कामगारांच्या हातांना काम मिळावें हाही त्यांत एक हेतु होता. १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत ‘लायका’ लोकांच्या दृष्टीस पडला.

त्या वेळच्या धंदेवाईकांनीं या चौकटीला नांव काय दिलें असेल? ‘मिनिएचर’! म्हणजे चिमुकली. त्यांचेंही अगदींच चुकलें असें म्हणतां येत नाहीं. १९२९ सालीं निघालेल्या रोलीफ्लेक्सची चौकट ५६ बाय ५६ मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळानें लायकाच्या साडेतीन पटींहून मोठी होती. आपल्याकडील पुष्कळ स्टुडिओंत त्याच जातीचे याशिका कॅमेरे कित्येक वर्षें लग्नें टिपीत होते. त्यांच्या हिशेबानें आजची पूर्ण चौकट पाव भरेल, न भरेल.

परंतु या चिमुकलीनें जग जिंकलें. १९३४ सालीं कोडॅकनें तिच्यासाठीं डबींत भरलेली तयार फिल्म काढली. १९३६ मध्यें ड्रेस्डेनहून कीने एक्झाक्टा निघाला. त्यांत आरशाच्या योगानें, चित्र घेणाऱ्या भिंगांतूनच समोरचा देखावा पाहतां येत असे. १९५९ सालीं जपानांत निकॉन एफ आला आणि आरशाचा कॅमेरा वृत्तपत्रवाल्यांचा जिवलग होऊन बसला. या सर्वांचीं भिंगें त्या एकाच चौकटीसाठीं घडविलेलीं होतीं. चौकटीचा कर्ण सुमारें ४३ मिलिमीटरचा. तेवढ्या वर्तुळावर प्रकाश नीट पाडावा, एवढेंच भिंगाचें काम. घरोघरच्या कपाटांत अशीं भिंगें सांचत गेलीं. चौकट हें आतां नुसतें माप राहिलें नव्हतें. तीं भिंगें म्हणजे लोकांची ठेवच झाली होती.

मग फिल्म जाऊन सेन्सर आला. १९७५ सालीं कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याच्या चित्रांत अवघे दहा हजार बिंदु होते, आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. १९९१ सालीं कोडॅकनें निकॉनच्या शरीरांत १३ लक्ष बिंदूंचा सेन्सर बसवून तो विकावयास काढला. किंमत वीस हजार डॉलरांच्या घरांत! एवढें मोल देऊनही सेन्सर जुन्या चौकटीहून लहानच होता.

तो लहान कां, हें गृहिणींना चटकन् कळेल. सेन्सर सिलिकॉनच्या चकतीवर घडवून मग कापून काढतात. शंकरपाळ्यांची पोळी लाटली आणि तींत चार खडे निघाले, असें समजा. शंकरपाळे बारीक कापले तर चार टाकावे लागतील आणि शेंकडों उरतील. पोळीचे आठच मोठे तुकडे केले तर त्याच चार खड्यांपायीं अर्धी पोळी वायां जाईल. चकतीवर दोष राहतात ते असेच. शिवाय नक्षी छापणाऱ्या यंत्राच्या एका छापांत एवढी मोठी चौकट मावत नसे. दोन-तीन छाप एकमेकांना बिनचूक सांधावे लागत. म्हणून मोठा सेन्सर नुसता दुप्पट महाग नव्हता, कित्येक पटींनीं महाग होता.

१९९९ सालच्या निकॉन डी-१ मध्यें सुमारें २४ बाय १६ मिलिमीटरचा सेन्सर बसविला, तो या कारणानें. तो कॅमेरा खपला, आणि त्याबरोबर एक नवें दुःख जन्मास आलें. कपाटांतलें जुनें ५० मिलिमीटरचें भिंग त्यावर लावलें, तर तें ७५ च्या भिंगासारखें अरुंद दाखवूं लागलें. चित्राच्या कडा बाहेर राहूं लागल्या. आपल्या ठेवीचें व्याज कोणीं कापून घ्यावें, तसें लोकांना वाटलें. ‘फुल-फ्रेम’ या शब्दाची महती वाढली ती येथून. अपुरी चौकट बाजारांत आली, तेव्हां जुनी चौकट पूर्ण ठरली. तोंपर्यंत ती नुसती पस्तीस मिलिमीटर होती.

यापुढील इतिहास किंमतींचा आहे. २००० सालीं जर्मनींतील कोलोन येथील प्रदर्शनांत पेंटॅक्स व कॉन्टॅक्स यांनीं पूर्ण चौकटीचे नमुने मांडले. खर्च झेपेना म्हणून पेंटॅक्सनें पुढील वर्षीं आपला बेत सोडला. कॉन्टॅक्सचा कॅमेरा २००२ सालीं निघाला. त्याच वर्षीं कॅनननें ईओएस-१डीएस जाहीर केला. त्याची किंमत ७,९९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानें पावणेचार लाख रुपयांहून अधिक. २००५ सालीं कॅननचा ५डी ३,२९९ डॉलरांना आला. निकॉननें २००७ मध्यें डी-३ काढला आणि २००८ मध्यें डी-७००. या दुसऱ्याची किंमत २,९९९ डॉलर होती. २०१२ सालीं कॅनन ६डी व निकॉन डी-६०० हे दोघेही २,१०० डॉलरांपर्यंत उतरले. २०१३ सालीं सोनीनें आरसाच काढून टाकला आणि ए-७ हा कॅमेरा सुमारें १,७०० डॉलरांना दिला. २०१८ मध्यें निकॉन आणि कॅनन हेही पूर्ण चौकटीच्या बिनआरशाच्या वाटेला लागले. तेव्हांपासून धंदेवाईक लोक आपले आरशाचे कॅमेरे, ज्यांना डीएसएलआर म्हणतात ते, विकून मोकळे होऊं लागले आणि जुन्या मालाचा बाजार त्यांनीं भरला. जी वस्तु दहा वर्षें संस्थानिकासारखी मिरवत होती, ती तालुक्याच्या दुकानदाराच्या आटोक्यांत आली ती अशी.

हें सर्व त्या विद्यार्थ्याला सांगितलें आणि मग आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलों. त्याचें खरें दुखणें काय होतें? मंगल कार्यालयांतला अंधार. मुहूर्ताच्या वेळीं माणसें अंतरपाटाभोंवतीं दाटी करतात, दिवे डोक्यावर असतात, आणि चित्रांत रवाळ ठिपके उठतात. मोठी चौकट यावर उपाय आहे, यांत शंका नाहीं. तिचें क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. त्याच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचें सुमारें ३७०. म्हणजे तेवढ्याच उघडझांपेंत सव्वादोन पटींहून थोडा अधिक प्रकाश पदरांत पडतो.

परंतु त्याच्या कॅमेऱ्यावर होतें तें खोक्याबरोबर मिळालेलें साधें झूम भिंग. लांबच्या टोकाला त्याचें छिद्र एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं. ५० मिलिमीटरचें एफ १.८ चें साधें, एकाच लांबीचें भिंग त्याच जागीं लावलें, तर साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश येतो. चौकट देते सव्वादोन पट, आणि हें स्वस्तांतलें भिंग देतें साडेनऊ पट! त्याची एक अडचण आहे: स्पष्टतेची खोली उथळ होते, आणि वधूचा डोळा रेखीव आला तरी मागची करवली धूसर राहते. परंतु ती अडचण मोठ्या चौकटींतही येते.

आणखी एक हिशेब राहिला होता. त्याचीं दोन्ही भिंगें लहान चौकटीसाठीं बनविलेलीं होतीं. कॅननचीं अशीं भिंगें त्याच्या पूर्ण चौकटीच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर बसतच नाहींत. निकॉनवर बसतात, पण सेन्सरचा मधला भागच तेवढा कामास येतो. डी-७०० चे १२ मेगापिक्सल त्यावेळीं ५ उरतात. सारांश, चौकट बदलणें म्हणजे भिंगेंही बदलणें. कोऱ्या कॅमेऱ्याचें कर्ज फेडीपर्यंत भिंगाला पैसा उरणार नव्हता, आणि साध्या भिंगामागें बसलेला मोठा सेन्सर म्हणजे कोरडी विहीर आणि वर पितळी रहाट.

त्यानें कर्ज काढलें नाहीं. प्रथम तें ५० चें भिंग घेतलें. तें दोन्ही चौकटींना चालतें, म्हणून पैसा वायां जाण्याची भीति नव्हती. त्यावर त्यानें मार्गशीर्षांतलीं लग्नें पार पाडलीं. मग उरलेल्या रकमेंत २०१२ च्या पिढींतला पूर्ण चौकटीचा जुना कॅमेरा पाहिला. तो घेतांना काय काय पाहावें, याची यादी आम्हीं केली होती. झडप किती वेळां उघडली, हा आंकडा प्रथम विचारावा. ५डी ची झडप एक लक्ष उघडझांपांच्या बेतानें बनविलेली असे, डी-७०० ची दीड लक्षांच्या. छिद्र अगदीं बारीक करून मोकळ्या आभाळाचें चित्र घ्यावें, म्हणजे सेन्सरवरची धूळ आणि डाग उघडे पडतात. भिंग विजेरीसमोर धरून आंत बुरशीचे तंतु नाहींत ना, हें पाहावें. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत कपाटांत पडून राहिलेल्या भिंगाला ती हटकून धरते. आणि जुना कॅमेरा विकूं नये. समूहचित्रें त्यावर घ्यावीं, आणि ऐन मुहूर्ताला नवा अडला तर तोच लाज राखील.

फाल्गुनांत तो पुन्हां आला. कार्यालयाच्या कोंपऱ्यांत खुर्चीवर बसून अक्षता टाकणाऱ्या एका वृद्धेचें चित्र त्यानें मला दाखविलें. हाताच्या शिरा, नथीचा मोती, मुठींतून निसटणारे तांदूळ, सर्व स्वच्छ उमटलें होतें. पूर्ण चौकटीचा प्रताप म्हणून मी त्याची पाठ थोपटली. तो हंसला आणि म्हणाला, “हें जुन्याच कॅमेऱ्यावरचें आहे, गुरुजी. भिंग मात्र नवें.”

नव्या-जुन्या दोन्ही कॅमेऱ्यांवर आतां त्याचें काम चाललें आहे. नवा कॅमेरा अंधारांत पुष्कळ अधिक पाहतो, हेंही तो प्रामाणिकपणें सांगतो. मात्र आपली चौकट अर्धी आहे, असें तो पुन्हां म्हणाला नाहीं.